काकूंचं पेट्रोलपुराण

"लॉस एंजेलिसची गेली. आता एप्रिलात बेनिशियाची."

आमच्या शेजारच्या काकू कधीच 'काय गं, बरी आहेस ना' अशी सुरुवात करत नाहीत. कुंपणाच्या फळ्यांवरून त्यांची उन्हाळी टोपी दिसली की समजायचं, बातमी आली. ती बातमीही मधूनच सुरू होते, मागचा धागा आपला आपण लावून घ्यायचा. मला आधी वाटलं, कोणाची तरी सून घर सोडून चालली.

"कोण गेली?"

"रिफायनरी गं! फिलिप्स 66 ची. 2025 च्या ऑक्टोबरात त्यांनी क्रूड घेणंच थांबवलं."

माझ्या सासूबाई सहा महिन्यांसाठी सॅन रमोनला आल्या आहेत. कुंपणाला टेकून खुर्ची टाकायची आणि मेथी निवडत दोन्ही घरांवर लक्ष ठेवायचं, असा त्यांचा दुपारचा कार्यक्रम. त्यांनी मान वर केली. "गेली म्हणजे? जळली?"

"नाही हो. जळली ती शेवरॉनची, एल सेगुंडोची. 2 ऑक्टोबरच्या रात्री. ती चालू आहे. ही धडधाकट होती, ती बंद केली."

"तुमच्याकडचं सगळंच उलटं," म्हणून सासूबाई पुन्हा मेथीकडे वळल्या.

काकूंना यातलं कळतं, हे आधी सांगायला हवं. या भागात दर दुसरी मराठी बाई सॉफ्टवेअरमध्ये आहे. काकू मात्र रसायनशास्त्र घेऊन आल्या आणि निवृत्त होईपर्यंत खाडीकाठच्या एका रिफायनरीच्या लॅबमध्ये राहिल्या. टाकीतलं पेट्रोल बाहेर पडण्याआधी त्याच्या बाटल्या यांच्या टेबलावर यायच्या. यांनी 'हो' म्हटल्याशिवाय व्हॉल्व उघडायचा नाही. त्या 'हो'ची सवय अजून सुटलेली नाही. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही दिसते.

"मी काल टाकी भरली, सत्तर डॉलर गेले," मी माझं दुःख सांगितलं. "आमच्या ह्यांच्या ग्रुपवर सकाळपासून तेच चाललंय. सगळं गव्हर्नर न्यूसमने केलं म्हणे. टॅक्स, टॅक्स आणि टॅक्स."

"लिटरला किती पडलं?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना गॅलन मान्य नाही. मी फोनवर भागाकार केला. एक डॉलर वीस सेंटच्या आसपास, म्हणजे शंभरावर सहा-सात रुपये.

"म्हणजे आमच्याकडच्यासारखंच की! मग रडता कशाला?"

"रडतो ते बाकीच्या अमेरिकेकडे बघून," काकू म्हणाल्या. "देशाच्या सरासरीपेक्षा इथे गॅलनमागे दीड डॉलर जास्त. तुम्ही नाही का सावंतवाडीहून पणजीला जाताना पत्रादेवी ओलांडेपर्यंत टाकी रिकामी ठेवता?"

सासूबाईंना हे लगेच पटलं. गोव्यात पेट्रोल स्वस्त, ते महाराष्ट्राच्या व्हॅटमुळे, एवढं अर्थशास्त्र सिंधुदुर्गात स्कूटर चालवणाऱ्या प्रत्येकाला येतं.

"पण टॅक्सचं ऐक," काकू माझ्याकडे वळल्या. "राज्याचा अबकारी कर 2025 च्या जुलैपासून 61.2 सेंट. केंद्राचा 18.4, तो सगळीकडे सारखाच. वर सेल्स टॅक्स. मग कॅप अँड ट्रेड, म्हणजे कार्बनचे परवाने, आणि तो एलसीएफएस, म्हणजे कमी कार्बनच्या इंधनाचा नियम, मिळून तीस-पस्तीस सेंट. सगळं धर. तरी दीड डॉलर भरत नाही. तुझ्या नवऱ्याच्या ग्रुपला म्हणावं, बेरीज करा."

"मग उरलेले कुठे जातात?"

"तेच बर्कलीचे एक प्रोफेसर दहा वर्षं विचारताहेत. सेव्हरिन बोरेनस्टाईन. त्यांनी त्याला नावच ठेवलंय, मिस्टरी गॅसोलीन सरचार्ज."

आणि मग काकूंनी टॉरन्सची गोष्ट सांगितली. ती त्या दरवेळी सांगतात, पण आज सासूबाई नव्या श्रोत्या होत्या. 18 फेब्रुवारी 2015. लॉस एंजेलिसजवळची टॉरन्सची रिफायनरी तेव्हा एक्सॉनमोबिलची. तिथलं धूळ पकडणारं एक भलंमोठं यंत्र फुटलं. चार कामगारांना किरकोळ लागलं, तेवढ्यावर निभावलं. पण एक चाळीस टनांचा तुकडा उडाला आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिडच्या टाकीपासून जेमतेम पाच फुटांवर पडला.

"पाच फूट," काकूंनी कुंपणापासून लिंबाच्या झाडापर्यंत हात केला. "हे इथपासून तिथपर्यंतसुद्धा नाही. ते ॲसिड मी हाताळलंय. हाडापर्यंत जातं. तिथे आजूबाजूला दाट वस्ती, शाळा."

सासूबाईंच्या हातातली जुडी थांबली.

"तर ती रिफायनरी वर्षभरावर अर्धवट चालली आणि भाव चढले. तोवर ठीक आहे, माल कमी, भाव जास्त. पण पुढे ती दुरुस्त झाली, विकली गेली, पूर्ववत चालली, तरी भाव पूर्वीच्या जागी उतरला नाही. कर काढून टाक, पर्यावरणाचे पैसे काढून टाक, बाकी देशाशी तुलना कर; तरी गॅलनमागे चाळीसेक सेंट उरतातच. 2015 च्या आधी हा आकडा जवळपास नव्हताच. आता हे कोणाच्या खिशात जातात? कंपन्या म्हणतात, आमच्या नाही. पंपवाले म्हणतात, आमच्या नाही."

"म्हणजे ग्राहकाच्या खिशातून निघाले आणि वाटेतच वितळले," मी म्हटलं.

"उन्हाळी पेट्रोलसुद्धा एवढं उडत नाही," काकू म्हणाल्या. आपल्या विनोदावर आपणच हसण्याची पद्धत त्यांच्या लॅबमध्ये असावी.

उन्हाळी पेट्रोल हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. इथे उन्हाळ्यात विकायचं पेट्रोल कमी उडणारं लागतं, कारण त्याची वाफ आणि ऊन मिळून धुरकं तयार होतं. बाटली बर्फात गार करायची, म्हणजे उघडताना काही निसटणार नाही. मग नमुना यंत्रात घालून शंभर फॅरेनहाइटला तापवायचा आणि वाफेचा दाब बघायचा. उन्हाळ्यात तो सातच्या आसपास हवा. हिवाळ्यात चांगली सूट असते, मग त्यात स्वस्तातलं ब्युटेन ढकलता येतं. आकडा जरा वर दिसला की टाकीच्या टाकी परत मिसळायची. "रात्री दोनला मॅनेजरचा फोन यायचा, जहाज उभं आहे, पुन्हा एकदा बघता का? मी म्हणायचे, दहादा बघते, आकडा तोच येणार."

"आणि हे पेट्रोल फक्त तुमच्यासाठी?" सासूबाई.

"फक्त आमच्यासाठी! 1996 पासून कॅलिफोर्नियाची पाककृती वेगळी. शेजारच्या राज्यात जे चालतं ते इथे चालत नाही. आधी त्यात एमटीबीई नावाचं रसायन घालायचे, ते झिरपून सांता मोनिकाच्या विहिरींत उतरलं, पाण्याला टर्पेंटाइनचा वास यायला लागला. मग ते काढून इथेनॉल आलं. दहा टक्के."

"आमच्याकडे वीस टक्के घालतात," सासूबाई म्हणाल्या. त्यात अभिमान होता की तक्रार, ते कळलं नाही. "आमचा भाचा म्हणतो, ॲव्हरेज पडलं."

"इथेही आता पंधरा टक्क्यांना परवानगी दिली, याच ऑक्टोबरात. बाकीच्या सगळ्या राज्यांत आधीच होती. इथे शेवटी."

आता इथे मला जरा थांबून बोलावंसं वाटतं, कारण ग्रुपवर हा भाग कोणी टाकत नाही. ही वेगळी पाककृती, हे वेगळं हवामंडळ, सगळं डाव्यांचं खूळ आहे असं ठरवून टाकलेलं असतं. एअर रिसोर्सेस बोर्ड 1967 साली काढलं ते गव्हर्नर रीगननी. 1996 च्या पेट्रोलच्या वेळी गव्हर्नर होते पीट विल्सन, तेही रिपब्लिकन. लॉस एंजेलिसला तेव्हा डोळे चुरचुरायचे आणि डोंगर दिसायचे नाहीत, त्यामुळे पक्ष बघायला कोणाला सवड नव्हती. ती हवा निवळली हे खरंच आहे. ज्यांची मुलं आता दम्याचा पंप न घेता फुटबॉल खेळतात, त्यांना ही पाककृती महाग वाटत नसावी.

काकूंना मात्र माझं हे भाषण मान्य असूनही पुरत नाही. "पाककृती चांगलीच आहे गं. मीच चाखून बाहेर पाठवायचे. पण पाककृती वेगळी ठेवायची तर आचारी घरात हवा ना? बाहेरून मागवायची सोय कुठे आहे? बाहेरून राज्यात पेट्रोल आणणारी एक पाइपलाइन नाही. ज्या आहेत त्या इथून बाहेर जातात, नेवाडा, ॲरिझोनाकडे. बेट आहे हे."

"टेक्सासहून जहाजाने आणा," सासूबाईंनी तोडगा दिला.

"नाही आणता येत! 1920 चा कायदा आहे, जोन्स ॲक्ट. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेतच बांधलेलं, मालकही अमेरिकन, खलाशीही अमेरिकन. तशी टँकर जहाजं मोजकीच आणि भाडं डोळे पांढरे करणारं. म्हणून ह्यूस्टनचं पेट्रोल इथे सहसा येत नाही, कोरियाचं येतं. आणि अहो, जामनगरचं येतं!"

"आपल्या जामनगरचं?"

"आपल्या जामनगरचं. रिलायन्सच्या रिफायनरीला कॅलिफोर्नियाच्या पाककृतीचं पेट्रोल करता येतं. अधूनमधून जहाज इकडे लागतं."

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्या सत्तर डॉलरमध्ये आपलाही काही वाटा परत आला असावा.

मग काकू खऱ्या बातमीवर आल्या. आवाज खाली गेला. कुंपणापलीकडे तिसरं कोणी नव्हतं, तरीही गेला. चांगल्या बातमीला खालचा आवाज द्यावाच लागतो.

"आता तारखा बघ हं. 2022 च्या जूनमध्ये भाव सहा डॉलर चव्वेचाळीस सेंटवर गेला होता, आठवतं?"

आठवतं. तेव्हा कॉस्टकोच्या पंपावर इतकी रांग असायची की आमच्या मंडळातल्या दोघींची पुढच्या गणपतीची रांगोळी तिथेच ठरली होती.

"त्यावरून न्यूसम भडकले. कंपन्या लुटतात म्हणाले. 2023 च्या मार्चमध्ये कायदा केला. ऊर्जा आयोगाला अधिकार दिला, नफ्याला कमाल मर्यादा घाला, वर गेला तर दंड करा. शिवाय एक वेगळा विभाग, नुसता तेलाच्या बाजारावर नजर ठेवायला. मग 2024 चा ऑक्टोबर. रिफायनऱ्यांनी दुरुस्तीसाठी बंद होताना पुरेसा साठा ठेवायचा, हेही आयोग ठरवणार. त्यावर सही झाली 14 तारखेला."

"बरं."

"16 तारखेला फिलिप्सने सांगितलं, लॉस एंजेलिसची रिफायनरी पुढच्या वर्षअखेर बंद."

"दोन दिवसांत?"

"दोन दिवसांत. दिवसाला एक लाख एकोणचाळीस हजार बॅरल. सहाशे कायम कामगार, तीनशे ठेकेदाराचे. कंपनी म्हणते, कायद्याशी संबंध नाही, आम्ही लांबचा विचार केला."

"मग खरं काय?"

"दोन्ही खरं असेल. एवढा मोठा निर्णय दोन दिवसांत कोणी घेत नाही, तो आधीपासून शिजत असणार. आणि एवढी मोठी घोषणा कोणत्या दिवशी करायची, हेही कोणी सहज ठरवत नाही."

हे मला फार आवडलं. काकूंनी राजकारणात जायला हवं होतं, पण मग आम्हाला कढीपत्ता कोणी दिला असता? (या राज्यात कढीपत्त्याचं रोपसुद्धा एका भागातून दुसऱ्या भागात मनात येईल तसं नेता येत नाही, लिंबाच्या झाडांच्या किडीमुळे. तेव्हा पेट्रोलचं काय घेऊन बसलात.)

"आणि बेनिशिया?" मी विचारलं. आमच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर ते गाव आहे. टुमदार, पाण्याकाठचं, एके काळी 1853-54 मध्ये चक्क राज्याची राजधानी होतं.

"व्हॅलेरोची. एक लाख पंचेचाळीस हजार बॅरल. 2024 च्या ऑक्टोबरातच तिला ब्याऐंशी दशलक्ष डॉलरचा दंड बसला. हायड्रोजनच्या एका व्हेंटमधून पंधरा वर्षांहून जास्त काळ नको ते हवेत सोडत होते आणि सांगितलंच नव्हतं. आपल्या खाडीकाठच्या प्रादेशिक हवामंडळाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा दंड. मग 2025 च्या एप्रिलमध्ये कंपनीने कळवलं, पुढच्या एप्रिलअखेर आम्ही आवरतो."

"दंड तर बरोबरच होता!"

"शंभर टक्के. मी असते तर दुप्पट केला असता. पंधरा वर्षं! आमच्याकडे एक नमुना चुकीचा नोंदला तर चौकशी बसायची."

सासूबाई आता मेथी सोडून पूर्णच वळल्या. त्यांचं माहेर राजापूर. रिफायनरी हा शब्द त्या तालुक्यात कसा उच्चारला जातो ते कोणाला सांगायला नको. नाणारचं भूसंपादन 2019 मध्ये रद्द झालं, मग बारसूचं माळरान आलं, 2023 च्या एप्रिलमध्ये तिथे बाया उन्हात सड्यावर झोपल्या होत्या. सासूबाईंचे दोन भाऊ दोन बाजूंना, आणि गणपतीला आरती झाली की तो विषय काढायचा नाही, असा घरात ठराव आहे.

"आमच्याकडे येऊ देईनात," त्या म्हणाल्या, "आणि तुमच्याकडे राहू देईनात."

"राहू देईनात असं नाही हो," काकू म्हणाल्या. "राहा म्हणतात. तिथेच तर गंमत आहे. आपला जुना दूधवाला आठवा. तुम्ही त्याला सांगितलंत, बाबा, दहा वर्षांनी आम्ही दूध सोडणार, तुझा रतीब बंद. पण तोवर रोज वेळेवर ये. तुझ्या नफ्यावर आमचं लक्ष आहे. आणि म्हैस आजारी पडेल तेव्हासाठी दोन कॅन आमच्या दारात भरून ठेव, स्वतःच्या पैशाने. तो काय करील? नवी म्हैस घेईल?"

"म्हैस विकून मोकळा होईल," सासूबाई तत्काळ म्हणाल्या. त्यांच्याकडे चार म्हशी होत्या.

"झालं तर. 2035 पासून राज्यात पेट्रोलची नवी गाडी विकायची नाही, हे 2020 मध्येच जाहीर केलं. आता काँग्रेसने त्यात खोडा घातलाय, कोर्टकचेरी चालू आहे, पण दूधवाल्याला जे ऐकायचं ते त्याने ऐकलं. रिफायनरीत मोठी दुरुस्ती निघाली की कोट्यवधी डॉलर घालावे लागतात, ते पंधरा-वीस वर्षांत वसूल होतात. ती पंधरा वर्षंच हातात नाहीत म्हटल्यावर कोण घालणार?"

मी म्हटलं, "पण काकू, खपही उतरतोय ना? नव्या गाड्यांत चारातली एक विजेची. आमच्या गल्लीतच बघा."

"उतरतोय, पण रडत-रडत. वीस वर्षांपूर्वी शिखर होतं, तिथून पंधरा टक्क्यांच्या आसपास खाली. अजून वर्षाला तेराशे कोटी गॅलन लागतंच. आणि रिफायनरी काही पंधरा टक्के बंद होत नाही, ती एकदम जाते. या दोन मिळून राज्याची सहाव्या हिश्शाहून जास्त क्षमता जातेय, वर्ष-दीड वर्षात. गाडी बदलायला लोकांना दहा वर्षं लागतात. नियम चूक होते असं मी म्हणणार नाही. नियम करणाऱ्यांनी गृहीत धरलं, की ज्यांच्यावर नियम करायचे ते कायम इथेच बसलेले असणार."

काकूंनी मग हिशोब मांडला, कुंपणाच्या खिळ्यांवर बोट ठेवत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला राज्यात चाळीसच्या आसपास रिफायनऱ्या. त्यातल्या बऱ्याच लहान, नियम आणि बाजार दोन्ही न झेपून गेल्या. आपल्या बाजूला 2020 मध्ये मॅरेथॉनने मार्टिनेझची क्रूडची रिफायनरी बंद केली, आता तिथे वनस्पती तेल आणि चरबीपासून डिझेल बनतं. रोडिओची फिलिप्सचीही तशीच बदलली. बेनिशिया गेली की उत्तरेत पेट्रोल बनवणाऱ्या मोठ्या दोनच उरतात, रिचमंड आणि मार्टिनेझमधली दुसरी. तिला 2025 च्या 1 फेब्रुवारीला आग लागली होती.

"आणि 2022 च्या थँक्सगिव्हिंगला तीच ना, पांढरी धूळ?"

"तीच. वीस टनांवर वापरलेला कॅटलिस्ट रात्रीत उडाला. सकाळी मार्टिनेझकर उठले तर गाड्यांवर, टेबलांवर, वांग्या-टोमॅटोच्या पानांवर पांढरा थर. पुढे आरोग्य खात्याने सांगितलं, परसातल्या मातीत उगवलेलं खाऊ नका. महिन्यांनी माती तपासून म्हणाले, ठीक आहे, खा. तोवर लोकांनी बाग उपटून टाकली होती."

सासूबाईंनी हातातल्या मेथीकडे एकदा संशयाने पाहिलं. आम्ही मार्टिनेझपासून वीसेक मैलांवर आहोत, असं मी सांगितलं. वाऱ्याची दिशा त्यांनी विचारली. मला माहीत नव्हती.

"आता पुढचं ऐक," काकू म्हणाल्या, "खरी मजा त्यात आहे. बेनिशियाची बातमी आली आणि आठवडाभरात गव्हर्नरचं पत्र ऊर्जा आयोगाला: रिफायनऱ्यांशी बोला, त्यांना थांबवता येतं का पाहा! ज्यांना दोन वर्षं लुटारू म्हटलं त्यांनाच. आयोगाचे उपाध्यक्ष शिवा गुंडा, त्यांच्याकडे काम आलं. जूनमध्ये त्यांनी कळवलं, नफ्याच्या मर्यादेचं सध्या राहू द्या. ऑगस्टमध्ये आयोगाने मतदान करून तो दंड पाच वर्षं बाजूला ठेवला. सप्टेंबरमध्ये नवा कायदा, कर्न काउंटीत वर्षाला दोन हजार नव्या विहिरी खोदायला परवानगी."

"विहिरी? तेलाच्या?"

"तेलाच्या. तेच गव्हर्नर."

मला यात कोणाची फजिती बघून हसू येत नव्हतं, असं म्हणायला आवडलं असतं. आलं. पण खरं सांगायचं तर गव्हर्नर मागे फिरले हे चांगलंच केलं. हट्टाला पेटून बसले असते तर आपणच रांगेत उभे असतो. माझा आक्षेप मागे फिरण्याला नाही. 'पैसे गेले कुठे' हा प्रश्न विचारायला जो विभाग काढला, त्याचं उत्तर अजून पंपावर दिसत नाही. मधल्या मध्ये ते चाळीस सेंट तसेच आहेत. रिफायनरी जाईल की राहील या गोंधळात तो प्रश्न अलगद मागच्या बाकावर गेला, हे मात्र कंपन्यांना फार सोयीचं झालं.

"आठ डॉलर होणार म्हणतात ना?" मी विचारलं. ग्रुपवरचा सगळ्यात फिरलेला आकडा तो. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मिशी नावाच्या प्राध्यापकांनी 2026 अखेर 8.43 पर्यंत जाऊ शकतो, असं 2025 च्या मे महिन्यात मांडलं. आमच्या ह्यांनी त्या रात्री लगेच विजेच्या गाडीच्या जाहिराती बघितल्या, सकाळी किमती पाहून सोडून दिल्या.

"तो वरच्या टोकाचा आकडा. दुसरे अभ्यासक इतकं म्हणत नाहीत. जहाजांनी माल आला तर भाव तेवढा चढणार नाही. पण चढउतार वाढतील. इथली एखादी रिफायनरी बिघडली की आधी दुसरी भरून काढायची. आता कोरियाला फोन करायचा आणि काही आठवडे समुद्राकडे बघत बसायचं. जामनगरहून तर त्याहून जास्त. शिवाय ते पेट्रोल ज्या गावात बनतं तिथलं धुराडं कोण मोजणार? इथे निदान दंड करता येत होता."

"आणि नेवाडा?"

"त्यांची तर वेगळीच चिंता. त्यांचं बहुतेक पेट्रोल इथूनच जातं. 2024 मध्ये नेवाडा आणि ॲरिझोनाच्या गव्हर्नरांनी न्यूसमना कळवलं होतं, हा साठ्याचा कायदा नको, भाव आमचे वाढतील. एक रिपब्लिकन, एक डेमोक्रॅट, आणि दोघांचं एकमत! पेट्रोलवर होतं ते असं. आता टेक्सासकडून ॲरिझोनापर्यंत नवी पाइपलाइन टाकायची आणि तिथून जुनी लाइन उलटी फिरवून कॅलिफोर्नियात आणायचं, अशी योजना पुढे आलीय. फिलिप्स आणि किंडर मॉर्गन मिळून."

"कोण? फिलिप्स?"

"तेच, इथली बंद करणारे. इथे बनवायचं नाही, पण पाठवायला आहेतच."

सासूबाई म्हणाल्या, "शहाणा दूधवाला."

तेवढ्यात काकूंच्या घरातून कुकरची शिटी झाली. काकूंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, म्हणजे अजून काहीतरी शिल्लक होतं.

"एक विचारायचं होतं," मीच म्हटलं. "आमच्या ऑफिसमधला एकजण बेनिशियात घर घेतोय. रिफायनरी जाणार, हवा सुधारणार, भाव वाढणार, असं त्याचं गणित."

"घेऊ दे की. पाण्याकाठी आहे, छान आहे. पण त्याला सांग, आधी नगरपालिकेचं बजेट वाच. गावाच्या उत्पन्नात त्या एका कंपनीचा केवढा मोठा वाटा होता. तो गेला की लायब्ररीचे तास कमी होणार, नाहीतर कर वाढणार, आणि ते कोणाच्या घरावर येणार? शिवाय चारशे लोकांची नोकरी जातेय, त्यातल्या किती जणांची घरं विक्रीला निघतील तेही बघ म्हणावं. घाई करू नकोस. एप्रिलपर्यंत थांब."

"आणि जमीन? तिथे घरं बांधतील?"

"अर्ध्या शतकाहून जास्त क्रूड मुरलंय त्या मातीत. लॉस एंजेलिसच्या साडेसहाशे एकरांसाठी फिलिप्सने विकासक आत्ताच नेमून ठेवलेत. पण खाली काय निघेल आणि ते साफ कोण करणार, कोणाच्या पैशाने, यावर पहिली दहा वर्षं भांडण चालेल. मी सांगते तुला, आमच्या लॅबच्या बाहेरच्या मातीत बाभळीसुद्धा नीट लागायच्या नाहीत."

दुसरी शिटी झाली. काकू वळल्या, दोन पावलं गेल्या आणि पुन्हा कुंपणाशी आल्या.

"आणि हो, तुझ्या नवऱ्याला सांग, त्या ग्रुपवर टाकायचं तर 61.2 टाक. काल त्याने सत्तर लिहिलं होतं. माझ्या भाच्याने मला पाठवलं."

माझ्या नवऱ्याचा ग्रुप काकूंच्या भाच्यापर्यंत कसा पोचला, हे विचारायला मी तोंड उघडलं, पण तोवर सासूबाईंनी विचारलंही होतं, आणि काकू कुकर विसरून सांगायला लागल्या होत्या.